चौकटीमागे दुमडलेला नकाशा

जळगावात माझ्या दुकानात येणारं प्रत्येक नवं गिऱ्हाईक आधी रडायचं. आत पाऊल टाकलं की डोळ्यांतून धारा लागायच्या. मग रुमालाने डोळे पुसत ते विचारायचं, "काय हो, तुम्ही इथं दिवसभर बसता कसे?" मी म्हणायचो, "बसत नाही, उभा असतो." अमोनियाचा तो वास पुढे पुढे माझ्या नाकाला कळेनासाच झाला. आजही घरात दूध करपलं तर बायको स्वयंपाकघरात धावते आणि मी पेपर वाचत बसलेला असतो.

माझा धंदा होता बांधकामाच्या नकाशांच्या प्रती काढण्याचा. आता हे समजावून सांगावं लागतं, कारण कॉम्प्युटरवरचा नकाशा हवा तितक्या वेळा यंत्रातून बाहेर येतो. ऐंशी-नव्वदच्या काळात इंजिनिअर ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर काळ्या शाईने नकाशा काढायचा. तो एकुलता एक. तो घरात जपायचा आणि साइटवर न्यायची त्याची प्रत. ती काढायला लोक माझ्याकडे येत. औषध लावलेला पिवळसर कागद घ्यायचा, त्याच्यावर ट्रेसिंग ठेवायचं आणि उजेड द्यायचा. जिथून उजेड आरपार जातो तिथलं औषध मरतं. जिथं शाईची रेघ उजेड अडवते तिथलं जिवंत राहतं. मग तो कागद अमोनियाच्या वाफेत धरला की जिवंत राहिलेलं औषध निळं होतं आणि रेघ न रेघ उमटते. धुळ्याला मी हे काम शिकलो तेव्हा यंत्रसुद्धा नव्हतं. काचेची मोठी चौकट गच्चीवर उन्हात नेऊन ठेवायची, आणि खाली लाकडी पेटीत अमोनियाची बशी. खानदेशात उन्हाची टंचाई कधी भासली नाही. जळगावात स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा ट्यूबलाइटवर चालणारं यंत्र घेतलं.

या प्रतीत एक खोट असते. ज्या उजेडाने ती तयार होते, तोच उजेड पुढेही तिला खात राहतो. उन्हात टाकली की निळी रेघ फिकी होते, मग राखाडी, मग नाहीशी. म्हणून प्रत देताना मी प्रत्येकाला पाढे म्हटल्यासारखं सांगायचो. उन्हात पसरू नका, काम झालं की गुंडाळून नळीत घाला, वर भजी ठेवू नका. मोठं काम असेल तर प्रत मांजरपाटाच्या जाड कापडावर चिकटवून द्यायचो. वाळवी लागू नये म्हणून खळीत मोरचूद आणि वरून व्हार्निशचा हात. लोक माना डोलवायचे आणि साइटवर जाऊन त्याच नकाशावर चार दगड ठेवून तो उन्हात पसरायचे. मी मुळात चिडका नव्हतो, या धंद्याने झालो.

शिरपूरला एका गोदामाचं काम चालू होतं. मालकाने पहिली प्रत कापडावर करून नेली. मग नकाशात बदल झाला आणि घाईघाईत नवी प्रत साध्या कागदावर गेली. मिस्त्रीने एक भिंत जुन्या नकाशाप्रमाणे उभी केली. मी विचारलं, "अहो, नव्यावर तारीख होती ना?" तो म्हणाला, "भाऊ, कापडवाला भारी व्हता. माले वाटनं, खरा तोच शे." भिंत पाडावी लागली. त्यानंतर जुनी प्रत माझ्यासमोर फाडल्याशिवाय मी कुणाला नवी दिली नाही.

आमच्याकडे नकाशा म्हणजे अर्धा देवच. पहूरच्या एका शेतकरी कुटुंबाने घराचा नकाशा माझ्याकडून ताजा ताजा नेला, तोही प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून. भूमिपूजनाला उघडला आणि घरातल्या आबांनी त्याला हळदीचं बोट लावलं. हळद लालभडक झाली. पूजा थांबली. पुतण्या धापा टाकत माझ्याकडे आला. "भो, नकाशाले रगत आलं!" मी रद्दी कागदावर चिमूटभर हळद ठेवून ती अमोनियाच्या पेटीत धरली. ती त्याच्यासमोर लाल झाली, आणि बाहेर वाऱ्यावर धरल्यावर हळूहळू परत पिवळी. चुन्याने हळदीचं कुंकू होतं तसाच हा प्रकार, प्लास्टिकमध्ये वास कोंडला होता एवढंच. तो परत पोचेपर्यंत नकाशावरची हळदही पिवळी झाली होती आणि आबांनी नारळ फोडला होता. मी बरेच दिवस हा किस्सा येईल त्याला सांगून हसत होतो.

भडगावच्या वच्छला अक्कांनी नकाशाची जी पूजा केली तिला मात्र मला हसता आलं नाही.

अक्कांचा मुलगा आनंद हा तिथल्या बौद्ध वस्तीतला पहिला इंजिनिअर. अक्कांनी इमारतींच्या कामांवर घमेली वाहून त्याला शिकवलं होतं, आणि हे तो कुणालाही न लाजता सांगायचा. वस्तीने ठरवलं की खाली विहार आणि वर मुलांसाठी अभ्यासिका बांधायची. नकाशा आनंदने काढला. तो ट्रेसिंग घेऊन दुकानात आला तेव्हाच मला आवडला, कारण ट्रेसिंग त्याने पाण्याच्या प्लास्टिक नळीत, दोन्हीकडे बुचं लावून आणलं होतं. असं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. दुसरं म्हणजे त्याचं अक्षर. नकाशाच्या चारही कडांना त्याने मिस्त्रीसाठी ठळक मराठीत सूचना लिहिल्या होत्या.

मी म्हटलं, "साहेब, एवढं वाचतंय कोण?"

"वाचतील, भाऊ. माझी आई अशा कामांवर होती. साहेब लोक इंग्रजीत लिहून निघून जायचे, आणि चूक झाली की शिव्या मिस्त्रीला."

त्याने दोन प्रती नेल्या. एक कापडावरची, साइटसाठी. दुसरी साधी, आईला दाखवायला.

वस्तीतल्या बाया-माणसांनी सुट्टीच्या दिवशी श्रमदान करून पायाचे खड्डे खणले. आनंद प्रत्येक खड्ड्यात उतरून पाहायचा. काम जोत्यापर्यंत आलं, आणि पावसाळ्यात पाचोरा रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. तो जागीच गेला. पाठीला बांधलेली नळी चाकाखाली चिरडली आणि ट्रेसिंगचा पावसात लगदा झाला. मला ही बातमी एका सिमेंटच्या व्यापाऱ्याकडून कळली. त्या दिवशी मी यंत्र लवकर बंद केलं.

पुढे बऱ्याच काळाने वस्तीतले नाना दुकानात आले. निवृत्त पोस्टमन, विहाराच्या कामाची जबाबदारी त्यांच्यावर होती. काम पुन्हा सुरू करायचं होतं आणि जळगावचे एक इंजिनिअर ते पाहायला तयारही झाले होते. पण त्यांची एक अट होती. पाया किती खोल आहे, त्यात लोखंड किती आहे, हे कागदावर दिसल्याशिवाय ते वर मजला चढवणार नव्हते. तसा कागद नसेल तर पाया फोडून नव्याने घालायचा. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.

"पंचायतीत दिलेली प्रत असेल ना?" मी विचारलं.

"ती शे. पन तो मंजुरीना येगळा नकाशा. तिच्यामा नुसत्या खोल्या अन् दारं-खिडक्या."

"कापडावरची?"

"काम बंद पडनं, अन् साइटना खोपटामा ती वाळवीनी खादी."

माझा मोरचूदही हरला म्हणायचा. नाना म्हणाले, "एक प्रत शे, भाऊ. आक्काना घरमा फोटोसारखी टांगेल शे. पन तिच्यावर आते काही दिसत नही, अन् ती कोनले हात लावू देत नही."

मी नानांबरोबर भडगावला गेलो. अक्कांचं घर पूर्वेला तोंड करून होतं. दारासमोरच्या भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर, शेजारी आनंदचा फोटो, आणि त्याच्या शेजारी सोनेरी पट्टीच्या चौकटीत, काचेमागे, तो नकाशा. नकाशा कसला, पांढुरका कागद उरला होता. डोळे बारीक केले तर कुठे कुठे भिंतींच्या रेघा असल्याचा भास व्हायचा. सकाळचं ऊन दारातून थेट त्याच्यावर येत होतं. काच मात्र लख्ख होती. अक्का ती रोज पुसत.

नानांनी विषय काढताच अक्का उठल्या आणि चौकटीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"काच काढू नका, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "मन्हा आंडोरनं, मन्हा आनंदनं अक्षर शे ते. काच शे म्हनीसन एवढं तरी ऱ्हायनं. वारा लागी तर बठ्ठं उडी जाई."

आणि माझा धंद्यातला चिडकेपणा नको तिथं उसळला. "अक्का, वाऱ्याने काही झालेलं नाही. उन्हाने झालंय. काच ऊन अडवत नसते. तुम्ही रोज काच पुसत होतात आणि ऊन अक्षर पुसत होतं."

अक्का खाली बसल्या. "म्हंजे मीच पुसी टाकं?"

मी जीभ चावली. नाना माझ्याकडे पाहतच राहिले. मला इतकं वाईट वाटलं की उठून निघून जावं असं झालं. मी म्हणालो, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, अक्का. सगळे असंच करतात. जे आपलं असतं ते माणूस समोर लावतो."

 मग नाना हळूच म्हणाले, "आक्का, कागद भेटना नही तर पाया फोडना पडी. आनंदनी आखेल पाया शे तो."

अक्का बराच वेळ आनंदच्या फोटोकडे बघत होत्या. मग उठल्या, स्वतःच्या हाताने चौकट खाली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी मागे चिकटवलेला खाकी कागद सोलला, पकडीने खिळे उपटले, पुठ्ठा मोकळा केला आणि थांबलो. कागद पुठ्ठ्याएवढा नव्हता. तो चारही बाजूंनी वीत-वीतभर पुठ्ठ्याच्या मागे दुमडलेला होता.

"हे कुणी दुमडलं?"

"फोटोवालानी," अक्का म्हणाल्या. "त्यानापा एवढी मोठी काच नव्हती. तो कातर लावाले निंघना व्हता. मी म्हनं, कातर लावानी नही. मंग त्यानी मांगे दुमडी टाकं."

मी एकेक घडी उलगडली. मागे दुमडलेली अक्षरं माझ्या यंत्रातून नुकतीच बाहेर पडावीत तशी निळी होती. मधला सगळा नकाशा उन्हाने खाल्ला होता, पण कडांना ऊन शिवलंही नव्हतं. आणि आनंदने जे महत्त्वाचं ते सगळं कडांनाच लिहिलेलं. बाहेरची मापं, पायाचा तक्ता, कॉलमचं लोखंड. मी इतक्या वर्षांत हजारो प्रती हाताळल्या असतील, पण त्या अक्षरांना हात लावण्याआधी मी बोटं सदऱ्याला पुसून घेतली.

नाना चष्मा लावून सूचना मोठ्याने वाचू लागले, अक्कांना ऐकू जावं म्हणून. "काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणावे. छज्ज्याचे लोखंड वरच्या अंगाला ठेवावे, खाली टाकल्यास छज्जा पडेल. स्लॅब टाकण्याआधी मला बोलवा. मी आल्याशिवाय काँक्रीट टाकू नये."

तिथं नाना थांबले. त्यांनी चष्मा काढला. 

थोड्या वेळाने अक्कांनी खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आन् हाई काय शे?"

"ही त्याची सही, अक्का."

"आठेच व्हती?" त्यांनी सहीवरून बोट फिरवलं. "माले वाचता येस नही. तरी मी रोज समोर धुंडत ऱ्हायनू."

कागद जळगावला नेऊ द्यायला त्या तयार झाल्या, पण एकटा पाठवायला नाही. एसटीत खिडकीच्या उलट्या बाजूला बसून, नळी मांडीवर आडवी धरून त्या माझ्याबरोबर आल्या. दुकानात मी कागद पुन्हा एकदा अमोनियाच्या पेटीत धरला. त्याने फिकी रेघ थोडा जीव धरते. उन्हाने नेलेली परत येत नाही, पण ज्या रेघेत जराशी धुगधुगी असते ती वर येते. मग बाजूने तिरपा दिवा लावून, वर नवं ट्रेसिंग ठेवून मी रेघ रेघ शोधत बसलो. जिथं दिसेना तिथं कडेच्या मापांवरून ताडून पाहायचं. अक्का समोरच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे सारखे वाहत होते. एरवी मी गिऱ्हाइकाला सांगतो, घाबरू नका, हा अमोनिया आहे. त्या दिवशी मी काही बोललो नाही.

नकाशा पुरा होत आला तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यानी सहीबी काढशात ना, भाऊ?"

"नाही, अक्का. सही ज्याची त्यानेच करायची असते. मी हुबेहूब काढली तरी ती खोटीच."

त्यांना ते पटलं असावं. मी कोपऱ्यात साध्या अक्षरात आनंदचं नाव लिहिलं आणि सहीची जागा मोकळी सोडली. नव्या इंजिनिअरांनी जोत्यावर जाऊन एकेक माप पडताळलं, एके ठिकाणी खणून पाया उघडा करून पाहिला, आणि मग नकाशावर तपासल्याची स्वतःची सही केली. तक्त्यात होतं तेच जमिनीत होतं. पाया फोडायचं कारण उरलं नाही. साइटसाठी मी नव्या प्रती मांजरपाटावर करून दिल्या आणि मोरचूद या वेळी जरा सढळ हाताने घातला.

जुना कागद नळीत घालून अक्कांच्या हातात देताना मी माझे पाढे म्हटले. पेटीत ठेवा, वरचेवर उघडू नका, उन्हात तर अजिबात नेऊ नका, ती सही तेवढी एकच आहे. अक्का म्हणाल्या, "उजेड दखाडसू नही, भाऊ." आणि त्यांनी तो शब्द पाळला. नाना भेटले की सांगायचे, अक्का पेटीला हात लावतात, पण नळी उघडत नाहीत.

भिंती वर आल्या, सेंट्रिंग बांधून झालं. स्लॅबच्या दिवशी नानांनी मला निरोप पाठवला. एरवी मी साइटवर जायचो नाही, माझं काम दुकानात संपायचं. त्या दिवशी गेलो. वस्तीतली सगळी माणसं जमली होती. शिडीपासून मिक्सरपर्यंत बायांची रांग, घमेली हातात. मी नानांबरोबर वर चढलो. तिथं इंजिनिअर नवी प्रत घेऊन लोखंड तपासत होते. छज्ज्यापाशी ते वाकले, सळया वरच्या अंगाला आहेत हे हाताने चाचपून पाहिलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "चला, सुरू करा."

"जरासं थांबा, साहेब," नाना म्हणाले.

अक्का शिडीवरून वर येत होत्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, काखेत ती नळी. ती बाई आयुष्यभर अशा शिड्या चढलेली, तेव्हा हात द्यायची कुणाला गरज पडली नाही. वर आल्या, सळयांवर टाकलेल्या फळीवरून चालत मधोमध गेल्या, आणि नळीचं बूच काढून त्यांनी कागद बाहेर ओढला. सकाळचंच तिरपं ऊन, पण रणरणत होतं.

मी ओरडलो, "अक्का, ऊन लागेल! सही उडेल!"

"लागू दे, भाऊ." त्यांनी कागद उलगडून दोन्ही हातांनी लोखंडासमोर धरला, कोऱ्या झालेल्या नकाशाच्या कडेचं ते निळं अक्षर वर करून. "स्लॅबना आधी माले बोलावा, आशे लिखेल शे ना त्यानी? बोलाई आनं मी त्याले."

इंजिनिअर पुढे आले. त्यांनी ती ओळ वाचली, खालची सही पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. खाली रांगेतल्या बाया वर बघत उभ्या होत्या. मला दुसरं काही सुचलं नाही. मी फळीवर चढलो आणि उन्हाकडे पाठ करून, माझी सावली कागदाच्या त्या कोपऱ्यावर पडेल असा अक्कांच्या समोर उभा राहिलो. मिस्त्रीने हात वर केला, मिक्सर सुरू झाला. पहिलं घमेलं पडेपर्यंत मी तसाच उभा होतो.